दारात पाणी शिरणारच

पहिला जोराचा पाऊस झाला की गॅरेजात एक तक्रार हमखास येते: आत पाणी येतंय, काचेचं रबर बदलून द्या. रबर बदललं जातं आणि पुढच्या पावसात पायाखालची मॅट पुन्हा ओली होते.

गाडीचं दार मुळात पाणी शिरणार हे धरूनच बनवलेलं असतं. काच जिथे दारात उतरते, तिथली बाहेरची पट्टी काच पुसून घेते, पण सगळं पाणी अडवत नाही. उरलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. भोकं चिखलाने बुजली तर दार हलवताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. काडी घातली की काम होतं. पडदा मात्र बहुतेक वेळा माणसानेच फाडलेला असतो. नवे स्पीकर बसवताना तो ओढून काढतात आणि परत नीट चिकटवत नाहीत.

हे सगळं ठीक असेल तरच रबराकडे वळावं.

हे रबर सहसा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या कण्यातच अणूंना जोडणारे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांवर हल्ला करतो. ओझोनचं प्रमाण अत्यल्प असलं तरी ताणलेल्या रबराला भेगा पडतात. ईपीडीएमचे दुहेरी बंध कण्याबाहेर, बाजूच्या फांद्यांवर असतात, त्यामुळे कणा शाबूत राहतो. शिवाय त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून घेते. रबर काळं असतं ते तिच्यामुळेच.

पण ईपीडीएमला तेल सोसत नाही. ते स्वतः हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग), डिझेलही हायड्रोकार्बनच, म्हणून डिझेल त्यात सहज मुरतं. डिझेलचा बोळा फिरवला की रबर काळंभोर चमकतं आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात ते फुगत असतं. डिझेल उडून जाताना रबर मऊ ठेवणारं मूळचं तेलही कमी झालेलं असतं आणि पट्टी आक्रसून कडक होते. गंमत म्हणजे ब्रेक ऑइल नाव असलेलं द्रव ईपीडीएमला चालतं, कारण डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचं ते द्रव खनिज तेल नसून ग्लायकॉलवर आधारलेलं असतं. (दारावर सांडू नका, रंग जाईल.)

काच कुरकुरत वर जात असेल तर ती पूर्ण खाली करून बाजूच्या खाचेत बोट फिरवून बघा. आत मखमलीसारखी बारीक लव लागते, काच सरकावी म्हणून लावलेली. तिच्यात वाळूचे कण अडकले की काचेवर उभे ओरखडे पडतात. मोटरवरचा भारही वाढतो. एका बटणात बंद होणाऱ्या काचेला तर मध्ये कुणाचा हात आला असंच वाटतं आणि ती उलटी खाली येते. शाम्पूचं पाणी, मऊ ब्रश, मग ओला कपडा आणि वाळल्यावर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात, एवढं बहुधा पुरतं. ग्रीस नकोच, त्यावर धूळ बसते.

दबून चपटं झालेलं रबर मात्र कुठल्याही पॉलिशने उठत नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या, तेव्हापासून रबर ताणलं तरी भरवशाने मूळ आकारावर येऊ लागलं. वर्षानुवर्षं उन्हात दाबाखाली राहिल्यावर यातले काही बंध तुटतात आणि दबलेल्या आकारातच नवे जुळतात. मग रबराचा ‘मूळ आकार’ तोच होऊन बसतो. ते बदलायलाच हवं.

खाचेतली पट्टी बहुतेक गाड्यांत गोंदाशिवाय, नुसती दाबून बसते. आधी कोपरे बसवा, मग साबणाच्या पाण्याने मधला भाग सरकवत न्या. पट्टी पुरवायला ती ताणू नका. काही दिवसांत ती आखडते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते.