चार ठोक्यांची उंची

मुलीकडे अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला गेले होते तेव्हाची गोष्ट. सप्टेंबरातली संध्याकाळ होती. पर्ड्यू विद्यापीठाजवळच्या एका गवताच्या मैदानावर एक मुलगी एकटीच एक चकचकीत छडी वर फेकत होती, छडी वर असेपर्यंत स्वतःभोवती दोन गिरक्या घेत होती आणि हात वर करून ती झेलत होती. संगीत कुठेच वाजत नव्हतं, पण तिचे ओठ हलत होते. जरा जवळ गेल्यावर ऐकू आलं, ती आकडे मोजत होती. एक, दोन, तीन, चार. चारनंतरच्या ‘एक’ला छडी हातात. मग पुन्हा पहिल्यापासून. मी बाकावर बसून राहिले. तासाभरात तिने तो एकच टॉस शंभरएक वेळा तरी केला असेल, आणि प्रत्येक वेळी छडी त्याच ठोक्यावर खाली आली.

दमून ती पाणी प्यायला आली तेव्हा मी छडी बघायला मागितली. क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी दांडा, साधारण ७० सेंटीमीटर लांब, जाडीला सेंटीमीटरभर, वजन २०० ते २२५ ग्रॅमच्या आसपास. दोन्ही टोकांना पांढऱ्या रबराचे बोंडूक, एक मोठं आणि एक लहान. मोठ्याला बॉल म्हणतात, लहानाला टिप. मधल्या भागावर पकडीसाठी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि ती घामाने काळी पडली होती. तिच्या बोटांच्या सांध्यांवर जुने-नवे मिळून चार-पाच निळे डाग होते.

या छडीला बॅटन म्हणतात आणि ती फिरवणाऱ्यांना ट्वर्लर. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला शे-दोनशे वादकांचा मार्चिंग बँड मैदानावर उतरतो आणि त्याच्या पुढे ट्वर्लर असतात. पर्ड्यूचा बँड १८८६ सालचा. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग विद्यार्थी असताना याच बँडमध्ये बॅरिटोन नावाचं पितळी वाद्य वाजवायचा. १९५४ साली ह्वानिटा कारपेंटर ही इथली पहिली ‘गोल्डन गर्ल’ झाली आणि बँडच्या मुख्य ट्वर्लरचं ते मानाचं पद आजही चालू आहे. छडीचं मूळ मात्र लष्करी बँडमध्ये आहे. बँडच्या पुढे चालणारा ड्रम मेजर जड मुठीचा दंड फिरवत, उंच फेकत चालतो. २६ जानेवारीच्या संचलनात आपण तो पाहतोच. तोच दंड हलका, आखूड झाला आणि विसाव्या शतकात अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलींच्या हातात आला. १९८० साली सिॲटलला या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जपानी खेळाडू त्यात फार पुढे आहेत. तरीही बरेच प्रेक्षक ट्वर्लरकडे बँडची शोभा म्हणूनच बघतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या संध्याकाळनंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि ती मुलगी काय करत होती ते आकड्यांत उतरलं तेव्हा थक्क झाले.

आपल्याला वाटतं, ती छडी अमुक इतकी उंच फेकते. तिच्या दृष्टीने उंची ही नंतरची गोष्ट. तिला वेळ फेकायची असते. बँडची गत मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर चार ठोके म्हणजे बरोबर २ सेकंद. वर गेलेली वस्तू २ सेकंदांनी त्याच पातळीला परत यायची तर ती हातापासून ४.९ मीटर वर गेली पाहिजे, म्हणजे १६ फूट. कमी नाही, जास्त नाही. छडी जड असो की हलकी, गुरुत्वाकर्षण त्यात सूट देत नाही. गत १६० ठोक्यांची झाली की चार ठोके दीड सेकंदात संपतात आणि उंची लागते जेमतेम पावणेतीन मीटर. त्याच गतीत आठ ठोक्यांचा टॉस घ्यायचा तर ३ सेकंद हवेत, आणि त्यासाठी ११ मीटर, म्हणजे तीन मजल्यांहून उंच.

वेळ दुप्पट केली की उंची चौपट होते, कारण उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यात एक त्रास दडलेला आहे. समजा सामन्याच्या दिवशी बँड किंचित रेंगाळला आणि १६० ऐवजी १५० ठोक्यांवर आला. ऐकणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. पण चार ठोके आता दीडऐवजी १.६ सेकंदांचे झाले आणि छडी जवळजवळ ४० सेंटीमीटर जास्त उंच जायला हवी. हे ट्वर्लरला फेकण्याआधी, दोन-तीन ठोके ऐकून, मनगटात उतरवावं लागतं. छडी एकदा सुटली की तिच्या हातात काही उरत नाही.

आता छडीच्या फिरण्याकडे येऊ. घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगते. हातभर लांबीची काठी घ्या आणि एका टोकाला लिंबाएवढा कणकेचा गोळा घट्ट लावा. बोटावर आडवी तोलून तिचा तोल कुठे राहतो ते शोधा आणि तिथे लाल दोरा बांधा. काठी गरगरत वर फेका आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. टोकं वेडीवाकडी भिरभिरताना दिसतील, पण लाल दोरा मात्र नितळ कमानीत वर जाऊन खाली येईल, फेकलेल्या चेंडूसारखा. तोच काठीचा गुरुत्वमध्य. बॅटनचा बॉल टिपपेक्षा जड, म्हणून तिचा गुरुत्वमध्यही दांड्याच्या मध्यापासून किंचित बॉलकडे सरकलेला असतो, आणि शिकायला आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी तोच शोधायला लावतात.

का, ते आकड्यांत पाहा. २ सेकंदांच्या टॉसमध्ये छडी पाच फेरे घेत असेल तर तिची टोकं गुरुत्वमध्याभोवती ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने फिरतात. झेलायच्या क्षणी अख्खी छडी ताशी ३५ किलोमीटरने खाली येत असते. छडी आडवी असताना एका टोकाचे हे दोन्ही वेग एकाच दिशेला असतात आणि ते टोक ताशी ५५ किलोमीटरने खाली येतं. दुसऱ्या टोकाचे वेग एकमेकांच्या विरुद्ध, ते येतं जेमतेम १५ ने. सांध्यांवरचे निळे डाग कुठून येतात ते इथे कळतं. या सगळ्या भिरभिरीत तोलाचा तो एकच बिंदू असा आहे की तो फक्त खाली येतो, फिरत नाही. हात तिथे पोचवायचा असतो.

आणि वेळेवर. सेकंदाला अडीच फेरे घेणारी छडी सेकंदाच्या विसाव्या भागात ४५ अंश वळते. एवढासा उशीर झाला तर आडवी यायची छडी तिरपी येते. शिवाय चार ठोक्यांत नेमके पूर्ण फेरे बसले पाहिजेत, नाहीतर अंगठ्याकडे बॉलऐवजी टिप येईल आणि पुढची सगळी करामत उलटी पडेल. म्हणजे एका झटक्यात दोन गोष्टी सोडायच्या असतात: वर जाण्याचा वेग, जो संगीताने ठरवून दिलेला, आणि फिरण्याचा वेग, जो पुढच्या पकडीने ठरवून दिलेला. दोन्ही एकाच अंगठ्यावरून निघतात.

कोल्हापूरच्या मर्दानी खेळात लाठी याहून वेगाने फिरताना मी पाहिली आहे. पण तिथे लाठी हातात असते, चूक होताहोता मनगट ती सावरून घेतं. बॅटन हवेत असताना तिचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठा, बदलायला कुणीच नसतं. ज्या प्रतलात, म्हणजे ज्या सपाट चकतीत, ती फिरत सुटली त्याच प्रतलात फिरत राहते. हा नियम ट्वर्लरच्या फायद्याचाही आहे, कारण त्यामुळेच नजर काढून घेतली तरी छडीवर भरवसा ठेवता येतो. पण सुटताना मनगट जरा कलतं राहिलं तर ते कलतं प्रतलही तसंच वर जातं आणि तसंच खाली येतं.

तोच कणकेचा गोळा दोन सारख्या भागांत वाटून काठीच्या दोन टोकांना लावा, मधोमध धरून मनगटाने डावी-उजवी फिरवा. मग दोन्ही गोळे मुठीला लागून सरकवा आणि पुन्हा फिरवा. वजन तेच, पण काठी एकदम हलकी वाटते. वस्तुमान मध्यापासून जितकं लांब, तितकी वस्तू फिरायला आणि थांबायला कुरकुरते. रात्रीच्या सामन्यांना काही ट्वर्लर पेटत्या टोकांची छडी फिरवतात. तिच्या टोकांना इंधनात भिजवलेल्या जाड वाती असतात, टोकं जड होतात, आणि त्याच झटक्यात ती कमी फेरे घेते. आगीची भीती असतेच, पण नेहमीची सगळी मोजमापंही बदललेली असतात.

छडी वर असताना ती मुलगी गिरक्या घेत होती, म्हणजे तिचं छडीकडे लक्षच नव्हतं का? गोटे किंवा चेंडू हवेत खेळवणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे की सराईत माणूस चेंडूच्या मागे नजर फिरवत नाही. तो बघतो कमानीच्या माथ्याकडे. माथ्याजवळची झलक मिळाली की चेंडू कुठे आणि केव्हा उतरेल याचा अंदाज मेंदू बांधतो. माथ्याला आणखी एक सोय आहे. उड्डाणाचा निम्मा वेळ वरच्या पाव उंचीतच जातो, ४.९ मीटरच्या टॉसमध्ये छडी वरच्या सव्वा मीटरात तब्बल एक सेकंद असते. वर गेलेली छडी क्षणभर लटकल्यासारखी वाटते ती म्हणूनच, आणि दोन गिरक्यांच्या मधून मान वर करायची तर तिथेच नजर मिळते. खाली येताना बघून हात हलवू म्हटलं तर वेळ गेलेली असते. डोळ्यांनी पाहिलेल्यावर हात हलायला सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो, तेवढ्यात छडी पावणेदोन मीटर खाली आलेली असते.

गिरकीचं दुखणं वेगळंच. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. अंग थांबलं तरी द्रव काही क्षण हलत राहतो, डोळे आपोआप सरकतात आणि जग फिरतंय असं वाटतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ साली २९ बॅले नर्तकी आणि २० नौकानयनपटू यांची तुलना केली. नर्तकींना फिरल्याचा भास कमी वेळ होत होता, आणि लहान मेंदूचा जो भाग कानाकडून येणारे हे संदेश हाताळतो तो त्यांच्यात आकाराने लहान आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू त्या संदेशांना कमी किंमत द्यायला शिकतो, असा त्यांचा निष्कर्ष. ट्वर्लरांवर तो प्रयोग झालेला नव्हता, पण त्यांचं काम नर्तकींहून एका पायरीने अवघड आहे, कारण गिरकी संपताक्षणी त्यांना ३५ किलोमीटरच्या वेगाने येणारी वस्तू पकडायची असते. जर्मनीत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, तीन महिने चेंडू खेळवायला शिकलेल्या माणसांच्या मेंदूत हालचाल टिपणाऱ्या भागातलं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. सराव सोडल्यावर ते पुन्हा कमी झालं. मैदानावरचा तो शंभराव्यांदाचा टॉस उगाच नव्हता.

सामन्याच्या दिवशी यात आवाजही अडचण करतो. फुटबॉलचं मैदान जवळपास ४९ मीटर रुंद. ट्वर्लर पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून, आणि ताशे-ढोल तिच्यामागे ४० मीटरवर असतील तर त्यांचा ठोका तिला सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागाएवढ्या उशिराने ऐकू येतो. १६० च्या गतीत हा जवळपास एक तृतीयांश ठोका झाला. संचालकाचा हात मात्र तत्क्षणी दिसतो. हाताबरोबर झेल घेतला तर समोरच्या प्रेक्षकाला झेल आधी दिसणार, ठोका मागून ऐकू येणार. म्हणून मार्चिंग बँडमध्ये पुढच्यांना मागचा आवाज ऐकून वाजवायला शिकवतात, आणि ट्वर्लरही मागचे ढोल कानात धरते. त्यातच समोरच्या काँक्रीटच्या गॅलरीवरून प्रतिध्वनी येतो. गॅलरी ६० मीटरवर असेल तर तो पाऊण-एक ठोक्याने मागे असतो, आणि खरा ठोका कुठला ते ओळखायला कान तयार लागतो.

वाऱ्याचाही हिशेब मी करून पाहिला. ताशी १८ किलोमीटरची साधी झुळूक २ सेकंद हवेत राहिलेल्या छडीला अर्धा ते एक मीटर बाजूला नेऊ शकते. त्यामुळे फेकताना वाऱ्याच्या विरुद्ध थोडं आधीच झुकावं लागतं, आणि वर झेंडा कुठल्या बाजूला फडकतोय हे बघून घ्यावं लागतं. इंडियानात नोव्हेंबरातले सामने कडाक्याच्या थंडीत होतात. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांखाली गेलं की बोटांचं कसब झपाट्याने घटतं, आणि पोलादी दांडा तर हाताची ऊब ओढूनच घेतो. अंगावर पातळ पोशाख असतो. तशा बोटांनी, तशा वाऱ्यात, मनगटाने उंची ४० सेंटीमीटरच्या आत नेमकी ठेवायची.

त्या संध्याकाळी अंधार पडायच्या जरा आधी तिची छडी एकदा सुटली. बोटांना लागून गवतावर पडली, बॉलच्या बाजूने एक उडी मारून थांबली. मला वाटलं, ती धावत जाऊन उचलेल आणि लगेच पुन्हा फेकेल. तिने उचलली, पण फेकली नाही. छडी काखेत धरून उभी राहिली, ओठ हलत होते, उजवा पाय जमिनीवर ताल धरत होता. न वाजणाऱ्या बँडचे उरलेले ठोके ती पुरे करत होती. चौथा संपला, पुढचा ‘एक’ आला, आणि त्याच ‘एक’वर छडी पुन्हा तिच्या अंगठ्यावरून सुटली.