आयुष्यभर दोन दाती

वेताळ टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या मामांनी परवा एका पाटीचा, म्हणजे तरण्या शेळीचा, खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढून मला दात दाखवले. मध्ये दोन रुंद पक्के दात, दोन्ही बाजूंना बारके दुधाचे. "दोन दाती हाय. जुळायला अजून दोन-अडीच वर्सं." शेळीचं वय असंच मोजतात: आदत (सगळे दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही पक्के दात आले की जुळलेली. तेवढ्यात मागच्या झुडपातून एक कुत्रं भुंकलं. पाटीनं मान वळवलीच नाही. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, तिला जवळजवळ पाठीमागचंही दिसतं. मामांच्या हाताला हिसका देऊन ती दोन उड्यांत वरच्या कातळावर.

हे सगळं मला लक्षात राहिलं, कारण त्याच आठवड्यात मी एका अशा प्राण्याबद्दल वाचत होतो जो यातलं काहीच करू शकला नसता.

स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचं बेट आहे. डोरोथिया बेट ही ब्रिटिश संशोधक १९०९ साली तिथे पोचली. (आडनाव 'बेट' आणि आयुष्य गेलं बेटांवर, हा विनोद फक्त मराठीतच होतो.) १८९८ साली, एकोणिसाव्या वर्षी, ती लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात काम मागायला थेट जाऊन उभी राहिली होती. मिळालं ते पक्ष्यांची कातडी लावून ठेवायचं काम, नगावर मजुरी. तिथून स्वतःच्या हिमतीवर ती सायप्रसला गेली आणि बुटक्या पाणघोड्याची हाडं घेऊन आली. मायोर्काच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गुहांत तिला दगडात घट्ट चिकटलेली एका शेळीएवढ्या प्राण्याची हाडं मिळाली. खालच्या जबड्यात पुढे दोनच दात, आणि तेही उंदरासारखे जन्मभर वाढत राहणारे. तिनं नाव दिलं मायोट्रॅगस, म्हणजे उंदीर-बोकड. मामांच्या भाषेत हे जनावर आयुष्यभर दोन दातीच राहिलं.

खांद्यापाशी उंची जेमतेम अर्धा मीटर. पाय आखूड आणि जाड, सांधे असे की उडी मारणं जवळपास अशक्य. सावकाश चालणं हाच त्याचा वेग. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे डोळे बाजूला नाहीत, समोर. चरणाऱ्या प्राण्याला समोर डोळे परवडत नाहीत, मागून कोण येतंय ते कळत नाही. पण मागून कोणी येतच नसेल तर? सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी आटलेला भूमध्य समुद्र पुन्हा भरला, तेव्हा याचे पूर्वज बेटावर अडकले. त्यांच्याबरोबर त्यांना खाईल असा एकही सस्तन प्राणी अडकला नाही. लाखो वर्षं पाठीमागे बघायची गरजच पडली नाही. तशाच आकाराच्या मुख्य भूमीवरच्या प्राण्यांपेक्षा याचा मेंदूही खूपच लहान झाला. मेंदूला ऊर्जा फार लागते, आणि बेटावर शत्रू नसला तरी दुष्काळ असतोच.

२००९ साली त्याच्या हाडांच्या पातळ चकत्यांत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसली. वाढ थांबे, पुन्हा सुरू होई. 'सरड्यासारखी वाढणारी शेळी' म्हणून तेव्हा बातम्या झाल्या. मात्र तीन वर्षांनी त्याच संशोधकांच्या गटानं दाखवलं की अशी वर्तुळं आजच्या रवंथ करणाऱ्या, पक्क्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांतही असतात. म्हणजे त्याची वाढ संथ होती हे खरं, पण त्याला थंड रक्ताचा ठरवायची घाई झाली.

हाडांपेक्षा मला जास्त आवडतात त्याच्या लेंड्या. एका गुहेत त्या हजारो वर्षं कोरड्या राहिल्या. त्या फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर एका सदाहरित झुडपाचे परागकण प्रचंड प्रमाणात सापडले. तिकडचं हे बॉक्सवुड गुरांना विषारी. उंदीर-बोकड मात्र तेच खाऊन जगत होता.

हे सगळं टिकलं कसं? आपल्या पुण्यातल्या पाताळेश्वराच्या लेण्यात असं काही मिळणार नाही. तो बेसॉल्ट, लाव्हाचा थंड झालेला खडक, आणि लेणं माणसानं छिन्नीनं कोरलेलं. आपल्याकडे प्राचीन हत्ती-पाणघोड्यांची हाडं मिळाली ती नर्मदेसारख्या नद्यांच्या गाळात. मायोर्काचा किनारा चुनखडीचा. पावसाचं किंचित आंबट पाणी चुनखडी विरघळवत खाली उतरतं, गुहा पोखरतं आणि आत ठिबकताना तोच चुना पुन्हा सोडतं. खड्ड्यात पडलेल्या जनावराची हाडं त्या चुन्याखाली बंद होतात. आम्ल पोचत नाही, म्हणून हाड विरघळत नाही.

किनाऱ्यालगतच्या गुहांत आणखी एक सोय आहे. पुण्यात ज्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं त्यांना ती लगेच कळेल: बादली भरून ठेवली की पाण्याच्या रेषेवर पांढरा पट्टा धरतो. समुद्राशी जोडलेल्या गुहेतलं पाणी समुद्राच्या पातळीवरच राहतं, आणि तिथल्या लवणस्तंभांवर नेमक्या त्या रेषेवर चुन्याचा जाड पट्टा बसतो. त्यातलं युरेनियम किती विघटित झालंय ते मोजून पट्ट्याचं वय काढता येतं. समुद्र केव्हा कुठवर होता, याची नोंद भिंतीवर.

खेनोवेसा नावाच्या अशाच एका गुहेत २००० साली पाणबुड्यांना पाण्याखाली दगडी पूल सापडला. सुमारे ७.७ मीटर लांब, मोठाले चिरे रचून माणसानं बांधलेला. त्या गुहेत उंदीर-बोकडाची हाडंही आहेत. पुलाच्या वरच्या अंगाला फिकट पट्टा आहे, बादलीसारखाच, आणि तो गुहेतल्या चुन्याच्या पट्ट्याशी जुळतो. २०२४ साली त्यावरून हिशेब मांडला गेला: पूल ५६०० ते ६००० वर्षांपूर्वीचा.

इथे गोष्ट फिरते. त्याआधी अनेकांचा अंदाज होता की माणूस या बेटावर साधारण ४४०० वर्षांपूर्वी आला, आणि उंदीर-बोकडही त्याच सुमारास संपला. माणूस आला, पळता न येणारं जनावर दिसलं, खेळ खलास. पुलाचं वय बरोबर असेल तर दोघं हजारभर वर्षं एकाच बेटावर राहिले. मला हे जास्त पटतं. हवामान कोरडं होत होतं, विषारी झुडूपही कमी होत होतं, आणि जो प्राणी संथ वाढतो त्याची दरवर्षी थोडी जास्त शिकार झाली तरी पुरते. त्याचं डीएनए काढल्यावर सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक निघाला टाकिन, आपल्या अरुणाचलात आणि भूतानात डोंगरावर चरणारा.

याच बेटावरच्या गुहांतून आलेल्या एका बेडकाचं नामकरण १९७७ साली जीवाश्मांवरून झालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो डोंगरातल्या खोल घळींत जिवंत सापडला. माणसाबरोबर बेटावर आलेले साप तिथवर फारसे पोचले नव्हते. यातला नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो. ऐरणीवर छोटा हातोडा पडावा तसा त्याचा आवाज, म्हणून तिकडचे लोक त्याला 'छोटा लोहार' म्हणतात. कसब्यातल्या तांबट आळीची ठोकठोक ऐकत वाढलेल्या आपण असाच टुक-टुक करणाऱ्या पक्ष्याला तांबट म्हणतो.