ट्रेलरला मागे ओढणारी हवा

ट्रेलरच्या मागच्या कडेला बोटभर उंचीचे प्लास्टिकचे पंख चिकटवा, इंधनही वाचेल आणि ट्रेलरचं डुलणंही थांबेल, अशा जाहिराती सर्रास दिसतात. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

हवेचा अवरोध म्हटलं की आपल्याला गाडीचं तोंड आठवतं. चौकोनी ट्रेलरच्या बाबतीत मात्र बरंच काही पाठीमागे घडतं. बाजूच्या भिंतींना धरून आलेल्या हवेला मागच्या धारेवर काटकोनात वळता येत नाही. ती भिंत सोडून देते आणि मागे भोवऱ्यांनी भरलेला कमी दाबाचा पट्टा तयार होतो. आकडे मांडून पाहू. वेग ताशी ९० किमी, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली, तर वेगामुळे येणारा दाब ½ × १.२ × २५² = ३७५ पास्कल. पाठीवरचा दाब याच्या पाचव्या हिश्शाने कमी झाला आणि पाठ ५ चौरस मीटरची असली, तर ओढ होते ३७५ न्यूटन. सुमारे ३८ किलो वजन सतत मागे खेचत राहावं, तेवढी.

उपाय म्हणजे पाठ निमुळती करणं. पण किती? खरी गंमत इथे आहे. भिंत आत वळली की हवेचा वेग घटतो आणि दाब वाढत जातो. सीमास्तर, म्हणजे भिंतीलगतचा हवेचा पातळ थर, घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. वाढत्या दाबाविरुद्ध पुढे सरकायची ताकद त्याच्यात उरत नाही. तो थांबतो, उलटा वाहू लागतो आणि वरच्या प्रवाहाला भिंतीपासून उचलून टाकतो. संशोधक अहमद आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मोटारीच्या सोप्या प्रतिकृतीवर मागचा उतार बदलत अवरोध मोजला. साधारण १२.५ अंशांवर तो सर्वांत कमी भरला. पुढे तो वाढत गेला, कारण उताराच्या दोन्ही कडांवरून जोरकस भोवरे सुटू लागले. ३० अंशांच्या आसपास शिखर आलं आणि त्यापलीकडे प्रवाह पूर्ण सुटताच अवरोध एकदम खाली आला.

आता ते छोटे पंख. त्यांचं काम बाहेरची वेगवान हवा ढवळून सीमास्तरात आणणं. उतरत्या पृष्ठभागावर यामुळे प्रवाह जास्त वेळ टिकतो, विमानांवर ते म्हणूनच असतात. पण चौकोनी पाठीच्या धारदार कडेवर प्रवाह कुठे सुटणार हे त्या कडेनेच ठरवलेलं असतं. तिथे ढवळून काय मिळणार? 

पुढच्या कडा गोल करणं मात्र खरोखर फळतं. १९७० च्या दशकात नासाच्या ड्रायडन या उड्डाण-संशोधन केंद्रात अभियंता एडविन सॉल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी एका व्हॅनवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचं धारदार कडांचं खोकं केलं. मग कडा गोल करत गेले, तसा अवरोध निम्म्याच्या आसपास उतरला. ट्रेलर मोटारीपेक्षा उंच असेल तर मोटारीच्या टपावरचा डिफ्लेक्टर, म्हणजे हवा वर वळवणारी तिरकी फळी, याच कारणाने उपयोगी पडतो, पण त्यावरून आलेली हवा ट्रेलरच्या वरच्या कडेशी जुळली पाहिजे.

डुलण्याचं गणित मुख्यतः वजनाचं आणि वेगाचं. एका ठरावीक वेगापलीकडे ट्रेलरचा झोका आपोआप शमत नाही, वाढत जातो. हिचवरचा, म्हणजे ट्रेलर मोटारीला जोडणाऱ्या सांध्यावरचा, भार कमी असेल तर हा वेग आणखी खाली येतो. समजा, निमुळत्या शेपटीचा ३० किलोचा सांगाडा ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या ३ मीटर मागे बसवला आणि हिच आसाच्या ४ मीटर पुढे आहे. हिचवरचा भार ३० × ३ ÷ ४ = २२.५ किलोने घटला. आधी तो ७० किलो असेल तर आता ४७.५. म्हणून शेपूट बसवली की हिचवरचा भार पुन्हा मोजावा आणि सामान पुढे सरकवून तो भरून काढावा.