पार्श्वभूमी : विसरायला लागण्याच्या कितीतरी आधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरातलं म्हातारं माणूस तेच तेच विचारायला लागलं की ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटतो. फारच झालं तर ‘चळ लागलाय’ म्हणतात. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज निघून गेलेली असतात. पण खरा उशीर त्याच्याही बराच आधी झालेला असतो. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदूशास्त्रज्ञ विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर या विसर पाडणाऱ्या आजारावर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवतं.

त्यांनी घेतलेल्या उंदरांत अल्झायमरला कारण ठरणारी मानवी जनुकं घातलेली होती. अशा उंदराला एका पेटीत ठेवून पायाला विजेचा हलका झटका देतात आणि नंतर पुन्हा त्याच पेटीत सोडतात. धडधाकट उंदीर आत गेल्या गेल्या जागच्या जागी थिजतो, कारण त्याला ती जागा आठवते. हे उंदीर मात्र दोन महिन्यांच्या वयातच तिथं निर्धास्त फिरू लागले. या आजाराची खूण मानल्या जाणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गाठी मेंदूत दिसायला अजून काही महिन्यांचा अवकाश होता. मग बिघडलं होतं काय? चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक अंकुर असतात आणि शेजारच्या पेशीचा निरोप तिथं पोचतो. या अंकुरांना आकार देतात ते अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे. मांडवाला जसे वासे, तसे ते. एक महिन्याच्या वयातच हे धागे सुटे होऊ लागलेले आढळले. धागे टिकवून धरणारं रसायन दिल्यावर उंदरांची आठवण परत आली. मरणोत्तर दान केलेल्या मानवी मेंदूंतही अल्झायमरच्या रुग्णांत या धाग्यांचं प्रमाण कमी भरलं. ते रसायन म्हणजे माणसाचं औषध नव्हे, हे इथंच सांगून टाकतो. नाहीतर उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची गोळी फिरायला लागायची.

इथवर पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि बराचसा काळ सगळ्यांची नजर भलतीकडंच होती.

१९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आगुस्ते डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलॉइस अल्झायमर तिला रोज साधे प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. नाव विचारलं तर ‘आगुस्ते’ म्हणे. नवऱ्याचं नाव विचारलं तरी ‘आगुस्ते’च. १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमरनी तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर गाठी आणि आत गुंतलेले तंतू दिसले. नोव्हेंबरात ट्युबिंगनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, पण कुणी फारशी दाद दिली नाही.

गंमत अशी की पुढच्याच महिन्यात स्टॉकहोममध्ये दुसराच वाद रंगला होता. कामिल्लो गोल्जी आणि सांतियागो रामोन इ काहाल यांना नोबेल विभागून मिळालं, आणि दोघांनी व्याख्यानात एकमेकांच्या विरुद्ध भूमिका घेतल्या. मेंदू म्हणजे एकसंध जाळं, असं गोल्जींचं म्हणणं. पेशी सुट्या असतात आणि एकमेकींना टेकून काम करतात, असं काहाल सांगत होते. ही जोडणी बळकट होत गेली की माणूस शिकतो, असा अंदाज काहालनी १८९४ मध्येच वर्तवला होता. १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टननी त्या जागेला सिनॅप्स हे नाव दिलं. आपल्याकडं चेतासंधी म्हणतात. म्हणजे रोग आणि त्याचा खरा पत्ता, ही चेतासंधी, दोन्ही एकाच वर्षी जगासमोर होते, पण त्यांची गाठ पडायला ऐंशी-नव्वद वर्षं जावी लागली.

मधल्या काळात चेतासंधीचा अभ्यास आपल्या वाटेनं चालला होता. एकत्र काम करणाऱ्या पेशींमधलं नातं घट्ट होतं, हे कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलं. पुरावा आला नॉर्वेतून. ऑस्लोत तेर्ये लोमो यांना १९६६ मध्ये सशाच्या मेंदूत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आठवणींशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाला वेगानं विजेचे धक्के दिले की नंतर तिथल्या जोडण्या तासन्‌तास जास्त जोरानं प्रतिसाद देत राहत. टिम ब्लिस यांच्याबरोबर त्यांनी हे १९७३ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. चेतासंधीची लवचिकता म्हणतात ती हीच.

दोन्ही वाटा मिळाल्या त्या १९९१ मध्ये. अमेरिकेत रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत गाठी मोजल्या, तंतू मोजले आणि चेतासंधीही मोजल्या. हयातीत ज्यांचा विसर जास्त होता, त्यांच्यात चेतासंधी सर्वांत कमी उरल्या होत्या. गाठींचा आकडा तितका जुळत नव्हता. मग २००२ मध्ये डेनिस सेल्को यांनी लिहिलं की अल्झायमर हा मुळात चेतासंधी निकामी होण्याचा आजार आहे. अमायलॉइड प्रथिनाची गाठ बनण्याआधीची बारीक पुंजकीच ब्लिस-लोमोंनी दाखवलेली ती लवचिकता दाबून टाकतात, हेही त्याच वर्षी दिसून आलं. रवींद्रनाथ यांचं काम याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

आता सीमाभागाकडं. इथं माणूस घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात समोरच्याचं तोंड बघून बोलतो. म्हणून २०१३ मधला हैदराबादचा अभ्यास इथल्या वाचकानं जरूर लक्षात ठेवावा. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) ६४८ रुग्णांची माहिती तपासली. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्यांत हा फरक टिकून होता. तिसऱ्या भाषेनं मात्र जादा फायदा दिसला नाही. परदेशातल्या अशा अभ्यासांत द्विभाषिक माणसं बहुतेक स्थलांतरित असतात, त्यामुळं फरक भाषेचा की स्थलांतराचा, हे कळत नाही. हैदराबादेत ती अडचण नव्हती. बेळगावातही नाही, दोन्ही भाषा इथल्या मातीतल्याच आहेत, सीमाप्रश्नाचं काय ते कोर्टात ठरो.

पण लगेच हुरळून जायचं कारण नाही. निरोगी माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या अनेक अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते भाषा आजार थोपवत नसावी. झीज सोसायची ताकद वाढवत असावी.

अडचण येते ती तपासणीच्या वेळी. तारीख सांगा, शंभरातून सात सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा, असले प्रश्न असतात. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं आज ऐंशीच्या घरात असलेल्या कित्येकांची पाटी-पेन्सिल मराठीत झाली. उलट, गोकाककडून लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आलेल्या आजीची पहिली भाषा कन्नड असते, आणि आजार वाढला की नातवंडांना न कळणाऱ्या त्याच भाषेत ती बोलू लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं स्मृतिभ्रंशासाठी भारतीय भाषांतून चाचण्यांचा संच तयार केला. २०२० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा त्यात होत्या. मराठी नव्हती.

मग ओपीडीत प्रश्न कन्नडमधून येतो, सून त्याचा मराठीत अर्थ सांगते, आजोबा अडखळले की उत्तरही तीच देते. कागदावर गुण पडतात ते कुणाचे, कोण जाणे. शाळा कितवीपर्यंत आणि कुठल्या माध्यमातून झाली, घरात काय बोलतात, हिशेब कुठल्या भाषेत करतात, एवढं डॉक्टरांना आधीच सांगावं आणि सुनेनं पाच मिनिटं बाहेर बसावं. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची रक्ततपासणीही त्याच फेरीत मागून घ्यावी. त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो, आणि तो बऱ्याचदा बरा करता येतो.