एकाच टॅपची बिअर, मार्क मात्र दोन

गेल्या ऑक्टोबरात पुण्यात मुंढव्याच्या एका लॉनवर बिअर महोत्सव भरला होता. माझा आतेभाऊ एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, कामाला आहे. त्याचा फोन आला, "ताई, चल. प्यायला नाही, तपासायला. तुझं नाक लागतं तिथे." नाकाची ही तारीफ अगदीच पोकळ नव्हती. घरात दूध नासायला आलंय हे फ्रिज उघडताच मला कळतं, आणि ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेटवर वय तपासून मनगटाला कागदी पट्टी बांधली गेली. आतेभावाने ट्रे आणला. आठ छोटे ग्लास, प्रत्येकात ९० मिलिलिटर, वर नावं नाहीत, नुसते आकडे. सोबत मार्कांचा तक्ता. तो त्याने अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या पद्धतीवरून उतरवला होता. एकूण ५० मार्क. त्यातले वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकंदर मताला १०. पन्नासात दिसण्याला फक्त तीन! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांत ही पद्धत कुणी आणली तर फार बरं होईल.

दीडेक तासाने भरलेला तक्ता मी त्याच्या हातात दिला. त्याने वरून खाली नजर फिरवली आणि हसू दाबत विचारलं, "दोन नंबरला २९, आणि सात नंबरला ३८?"

"मग? दोन नंबर पाणचट होती. वासच नाही. सातला कसा पिकल्या केळ्याचा वास होता, मागून लवंग."

"ताई, दोन्ही एकाच टॅपच्या आहेत."

मी आधी चिडले, मग खजील झाले, आणि मग विचार करायला लागले. नऊ मार्कांचा फरक आला कुठून? आठवून पाहिलं तर संशयित बरेच निघाले. दोन नंबर मी बर्फगार असताना, एक नंबरच्या पाठोपाठ प्यायले होते आणि एक नंबर होती आयपीए, ही बिअरची चांगलीच कडू जात. सात नंबर तासभर ट्रेमध्ये राहून तिचा गारठा गेला होता. शिवाय ती हातात देताना हा पठ्ठ्या सहज बोलल्यासारखं बोलून गेला होता, "ही बघ, खास बव्हेरियन यीस्टची." प्रयोग म्हणून हे अगदीच गचाळ काम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे शाळेत शिकवतात, याने तीन बदलल्या. चौथी मी स्वतः बदलले होते. सातव्या ग्लासापर्यंत येताना आधीचे सहा पोटात गेले होते, म्हणजे ५४० मिलिलिटर. पाच टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे २१ ग्रॅम अल्कोहोल होतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. परीक्षकाचा हात सैल पडला असणारच. (गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि माझ्या वजनाच्या बाईला ती ओलांडायला एवढी बिअर पुरते. परत रिक्षाने आले.)

आधी ते केळं आणि लवंग बघू, कारण माझ्या मते बिअरमधली सगळ्यात मजेदार गोष्ट तीच आहे. ही होती जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीची गव्हाची बिअर, हेफेवाइत्सेन. तिच्यात ना केळं पडतं ना लवंग. पाणी, गव्हाचा आणि जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडे हॉप्स (ही कडवट फुलं, त्यांच्याविषयी पुढे) आणि यीस्ट, संपलं. बाकी सगळी कारागिरी यीस्टची. साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करताना यीस्ट जाता जाता आणखी शेकडो रसायनं बनवतं. त्यातलं एक आयसोअमाइल अॅसिटेट. केळं पिकताना केळ्यात नेमका हाच रेणू तयार होतो आणि बाजारात बनाना इसेन्सची जी बाटली मिळते तिच्यातही हाच असतो. गंमत म्हणजे मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माश्यांना "धावा!" असा जो रासायनिक सांगावा जातो, त्यातही मुख्य भाग याचाच. लवंगेचं काम दुसऱ्या रेणूचं. धान्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. या जातीचं यीस्ट त्याचा एक तुकडा तोडून ४-व्हिनाइल ग्वायकॉल बनवतं. लवंगेतल्या युजेनॉलचं ते जवळचं नातलग, म्हणून नाक फसतं. फसतं तरी कसं म्हणायचं? रेणूंची ठेवणच मिळतीजुळती आहे.

सगळ्याच यीस्टना हे जमत नाही. आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक बाटलीबंद बिअर लागर असते. तिचं यीस्ट थंडीत, ७ ते १३ अंशांच्या आसपास, सावकाश काम करतं आणि केळंबिळं फारसं करत नाही. हे यीस्ट संकरित आहे. एक पालक आपलं पावाचं नेहमीचं यीस्ट. दुसरा पालक कितीतरी वर्षं सापडत नव्हता. २०११ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांवरच्या गाठींमध्ये मिळाला. यीस्टच्या जाती अशा जपून ठेवायच्या असतात हे पुण्याला नवीन नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टही आहेत. ताजी, जागेवर बनवलेली बिअर मात्र पुण्यात उशिरा आली. २००९ मध्ये उंड्रीला डूलालीने सुरुवात केली, देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत "डूलाली" म्हणजे चक्रम.

पण मग दोन नंबरच्या ग्लासातलं केळं गेलं कुठे? कुठेच नाही, ते होतं तिथेच होतं. वास येतो तो हवेत उडालेल्या रेणूंचा आणि थंड द्रवातून रेणू कमी उडतात. शिवाय आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराचसा भाग वासाचाच असतो, घशाच्या मागून नाकात चढणारा. घरी करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरून बडीशेप चावा, नुसता गोडसर चोथा लागतो. मग नाक सोडा. बडीशेपेचा वास एकदम उसळून येतो. जिभेवरची गोडीही थंडीत मंदावते, कारण गोड चवीचा संदेश पुढे नेणारी पेशींमधली एक यंत्रणा तापमानाप्रमाणे कमी-जास्त चालते. वितळलेलं आइस्क्रीम डोळे मिटायला लावेल इतकं गोड लागतं ते यामुळेच. बिअर जितकी थंड तितकी चांगली असं आपल्याकडे मानतात. त्यात एवढंच खरं आहे की वाईट बिअर थंड असेल तर तिचा वाईटपणा कळत नाही.

दुसरा संशयित आयपीए. बिअरचा कडवटपणा हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या मादी फुलांचा. ही वेल भांगेच्या कुळातली. आपल्या देशात ती हिमाचलात लाहौलला पिकते. फुलातली अल्फा आम्लं तशी फारशी कडू नसतात. तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि मग ती कडू होतात. लिटरला असं कडू आम्ल एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक आयबीयू, हा कडवटपणाचा आकडा. नेहमीच्या लागरमध्ये तो १० ते २० असतो, आयपीएत ४० ते ७० सहज. हॉप्स उकळीच्या शेवटी घातले तर कडवटपणा कमी आणि सुगंध जास्त उतरतो. त्या सुगंधातलं लिनालूल आपल्या धन्यांतही असतं. कडू ओळखायला माणसाकडे सुमारे २५ प्रकारचे चवग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहेत (गोडाला जेमतेम एक जोडी पुरते, विषं मात्र नाना तऱ्हेची असतात) आणि हॉप्सचा कडूपणा त्यांना सहजासहजी सोडत नाही. प्रत्येक घोटागणिक तो साठत जातो. जिलबी खाऊन चहा घेतला की चहा फिका लागतो, तसं आयपीएवर गव्हाची बिअर घेतली की ती पाणचट लागणारच. मध्ये पाण्याचे चार घोट आणि साध्या पावाचा तुकडा घ्यायला हवा होता. आणि हो, जिभेचा शेंडा गोडाचा आणि मागची बाजू कडूची असा जो नकाशा शाळेत काढला होता, तो विसरा. १९०१ मधल्या एका जर्मन निबंधाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला, त्यातून तो आला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

फेसाबद्दल थोडं. तो टिकतो जवातल्या प्रथिनांमुळे आणि हॉप्सच्या त्याच कडू रेणूंमुळे. त्याचा वैरी तेल. आमच्या टेबलावर चकली होती आणि माझ्या सगळ्या ग्लासांतला फेस बघता बघता बसत होता, तरी मी दिसण्याचे मार्क कापत गेले. गुन्हा माझ्या ओठांचा, शिक्षा बिअरला. म्युनिकच्या आर्न्ड लायके यांनी फेसाची उंची मोजून दाखवलं होतं की तो घातांकी नियमाने बसतो. पहिल्या मिनिटात निम्मा गेला तर पुढच्या मिनिटात उरलेल्याचा निम्मा, किरणोत्सारी पदार्थासारखा. त्यांना २००२ मध्ये इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार पारितोषिक.

तिसरा संशयित म्हणजे ते एक वाक्य, "खास बव्हेरियन यीस्टची." हा सगळ्यात पक्का आहे असं मला वाटतं. २००६ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बिअरमध्ये थोडं बाल्सॅमिक व्हिनेगर टाकून ती पबमधल्या लोकांना साध्या बिअरबरोबर चाखायला दिली. काही न सांगता दिली तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांना व्हिनेगरवालीच आवडली. आधी सांगून दिली तेव्हा बहुतेकांनी नाक मुरडलं. पण खरी मेख तिसऱ्या गटात आहे. त्यांना पिऊन झाल्यावर, पण मत देण्याआधी सांगितलं, आणि त्यांचं मत पहिल्या गटासारखंच आलं. म्हणजे माहितीमुळे लोक नुसतं बोलायला वेगळं बोलत नाहीत. ती आधी मिळाली तर चवच वेगळी लागते. फ्रान्समधल्या बोर्दोत ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. तेव्हा "लवंग" हा शब्द मी लिहिला खरा, पण तो मला सुचला की बव्हेरिया ऐकून आठवला, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

एवढ्यात आतेभावाच्या बायकोने तिचा लागरचा ग्लास माझ्या नाकाखाली धरला. "याला काय झालंय बघा ना." वास उग्र, काहीतरी जळकं, गंधकाचं. ग्लास पारदर्शक, टेबल छत्रीच्या बाहेर, आणि पुण्याचं ऑक्टोबरचं ऊन. बिअरमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व असतं. ते प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेने हॉप्सचा कडू रेणू तुटतो. तुटलेला तुकडा गंधकाशी जुळून एक थायॉल बनतो, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला तो पकडता येतो. थेट उन्हात ही भानगड काही मिनिटांत होते. बाटल्या तपकिरी असतात त्या याच कारणाने. हिरवी बाटली दिसायला झकास असते, पण या कामात कच्ची.

"आता नीट कर," मी आतेभावाला म्हटलं. "एकच गोष्ट बदल." तेव्हा त्याने त्यांच्या ब्रुअरीतली चाचणी काढली. ही पद्धत १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत घडली. सामू मोजण्याची मोजपट्टी, पीएच, तीही १९०९ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलेली. प्रत्येकाला तीन ग्लास द्यायचे, दोन एकसारखे आणि एक वेगळा. क्रम प्रत्येकाचा निराळा. ग्लासांवर १, २, ३ लिहायचं नाही, कारण लोकांना एक नंबर उगाचच बरा वाटतो. तीन आकडी वाटेल ते अंक लिहायचे. आवडलं का, किती मार्क, असं काहीही विचारायचं नाही. वेगळा कुठला, एवढंच.

या आठवड्याची लागर आणि गेल्या आठवड्याची लागर, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं त्याचं म्हणणं होतं. टेबलावर आम्ही सहा जण. ग्लास भरले वेटरने. दोन-दोन घोट, मध्ये पाणी, चकलीची बशी दूर. सहापैकी तिघांनी वेगळा ग्लास बरोबर ओळखला.

"बघ! निम्म्यांना कळलं," आतेभाऊ म्हणाला.

डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांतला एक बरोबर येतो, म्हणजे सहांत दोन जण नुसत्या नशिबाने. तीन म्हणजे त्याहून एकच जास्त. फरक खरा आहे असं म्हणायला सहांत निदान पाच हवेत. नशिबाने तेवढे येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे, निदान चार येण्याची मात्र दहा टक्के. थोड्याशा नमुन्यांवरून किती छातीठोक बोलावं हा प्रश्नही बिअरवाल्यांनीच सोडवलाय. डब्लिनच्या गिनेसमध्ये १८९९ साली नोकरीला लागलेल्या विल्यम गॉसेट यांना जवाचे आणि हॉप्सचे मोजकेच नमुने हाताशी घेऊन निर्णय द्यावे लागत. त्यातून त्यांनी काढलेली पद्धत १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने छापली गेली. आज संख्याशास्त्राच्या कुठल्याही वर्गात टी-टेस्ट म्हणून शिकवतात ती हीच.

हे सगळं मी आतेभावाला समजावून सांगत होते तेव्हा वेटरने ग्लासांचे अंक आणि उत्तरं जुळवलेला कागद पुढे केला. बरोबर आलेल्या तिघांत मी नव्हते. आतेभाऊही नव्हता.

त्याने कागद दोनदा वाचला. मग आपल्या ग्लासाकडे आणि वर छत्रीकडे बघत म्हणाला, "माझा ग्लास उन्हात होता."