रात्री एकची भूक

लातूरच्या ट्युशन एरियात मध्यरात्र उलटली तरी अभ्यासिकांचे दिवे चालूच असतात. नीटची तयारी करणारी पोरं आठला मेसमध्ये जेवलेली असतात, पण एकच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागतात. मग घरून आलेला चिवडा, बिस्किटं, शेंगदाण्याचा लाडू, हाताला लागेल ते फस्त होतं. आईवडील म्हणतात, पोरांचा जिभेवर ताबा राहिला नाही. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

भुकेचा कारभार चालतो मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या हायपोथॅलॅमसमधून. बाळ कृष्ण आनंद हे आपले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. 1951 साली त्यांनी येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर उंदरांवर प्रयोग केले. हायपोथॅलॅमसच्या दोन्ही कडांचा एक छोटा भाग निकामी केला, तर पुढ्यात अन्न असूनही उंदीर त्याला तोंड लावेनात! हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये प्राध्यापक झाले.

पोट रिकामं आहे हे मेंदूला कळवतं घ्रेलिन. जठरात तयार होणारं हे संप्रेरक जपानी संशोधकांनी 1999 मध्ये शोधलं. लेप्टिनचा शोध 1994 चा. ते चरबीच्या पेशींतून येतं आणि अंगात साठा किती आहे ते सांगतं. घ्रेलिन वाढलं की भूक चाळवते, लेप्टिन घटलं तरीही चाळवते.

आता जागरणाकडे या. 2004 मध्ये शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना सलग दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दोन रात्री दहा तास झोपल्यावरची आकडेवारी शेजारी ठेवली, तर लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन 28 टक्क्यांनी जास्त भरलं. भूक वाढलीच, त्यातही ओढ गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची जास्त. चिवडा-बिस्किटांचा डबा आधी का रिकामा होतो, ते यात आलं.

घाईचं जेवणही नडतं. अन्न आतड्यात उतरल्यावर तिथून सुटणारी संप्रेरकं व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतात. याला साधारण 15 ते 20 मिनिटं लागतात. क्लास गाठायचा म्हणून पाच मिनिटांत ताट संपवणाऱ्या पोराची तिसरी पोळी हा निरोप पोचायच्या आतच पोटात गेलेली असते.