अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल : मुख्य प्रशिक्षकपदाची वाट

अमेरिकेतील विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक होईपर्यंत माणूस ज्या पायऱ्या चढतो, तो प्रवास. या पदासाठी सामाईक परीक्षा नाही की परवाना नाही. पदवी लागते, पण तिच्या बळावर कोणाची निवड होत नाही. उमेदवाराने कोणाच्या हाताखाली काम केले आणि त्याच्यासाठी कोण शब्द टाकतो, यालाच खरे वजन असते. तिकडे या परंपरेला ‘कोचिंग ट्री’ म्हणतात. मराठी वाचकाला गायकीतले घराणे आठवले, तर ते चुकीचे नाही.

सर्वांत जुने घराणे कॅन्ससचे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स येथे हा खेळ तयार केला आणि १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले त्या विद्यापीठाचे ते एकमेव प्रशिक्षक. प्रशिक्षण हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो हे दाखवले ते त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांनी. ॲलन यांच्या संघात खेळलेले ॲडॉल्फ रप आधी शाळेत शिकवत होते, ते १९३० मध्ये केंटकीचे प्रशिक्षक झाले. कॅन्ससच्या १९५२ च्या विजेत्या संघातील राखीव खेळाडू डीन स्मिथ हवाई दलाच्या अकादमीत सहाय्यक झाले. तिथून ते नॉर्थ कॅरोलायनात फ्रँक मॅग्वायर यांच्याकडे आले. १९६१ मध्ये मॅग्वायर गेले आणि तिशीतल्या स्मिथ यांच्याकडे संघ आला. पहिल्या हंगामात त्यांनी आठ सामने जिंकले, नऊ हरले. १९६५ मध्ये तर पराभवानंतर विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला. विद्यापीठाने धीर धरला. १९९७ मध्ये निवृत्त होताना त्यांच्या नावावर ८७९ विजय होते.

स्मिथ यांचे सहाय्यक रॉय विल्यम्स यांच्या उदाहरणात ही वाट सर्वांत स्वच्छ दिसते. ते नॉर्थ कॅरोलायनातील ओवेन हायस्कूलमध्ये शिकवत आणि तिथला संघ सांभाळत. १९७८ मध्ये स्मिथ यांनी त्यांना अर्धवेळ सहाय्यक म्हणून बोलावले, वर्षाला २,७०० डॉलरवर. एवढ्यात घर चालणे शक्य नव्हते. म्हणून ते स्मिथ यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या टेप गाडीतून गावोगावच्या केंद्रांवर पोचवत आणि संघाची कॅलेंडरे विकत. अशी दहा वर्षे गेली. १९८८ मध्ये कॅन्ससचे पद रिकामे झाले, तेव्हा विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असलेल्या स्मिथ यांनी विल्यम्स यांचे नाव सुचवले. कॉलेजचा एकही संघ स्वतंत्रपणे न सांभाळलेल्या माणसाला थेट नेस्मिथ यांची खुर्ची मिळाली. २००३ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनात परतले आणि तिथे त्यांनी २००५, २००९ व २०१७ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली.

खेळाडूपण संपले की पहिली पायरी बहुधा पदव्युत्तर सहाय्यकाची किंवा व्हिडिओ विभागातली असते. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची चित्रफीत कापायची, सरावाची तयारी करायची, पडेल ते काम करायचे. पुढे सहाय्यक प्रशिक्षक झाल्यावर निम्मे आयुष्य खेळाडूभरतीत जाते : शाळांच्या व्यायामशाळा, उन्हाळी स्पर्धा, आईवडिलांशी बोलणी. चांगले खेळाडू आणू शकणाऱ्या सहाय्यकाचे नाव लवकर पसरते. मुख्य पद मिळते तेही आधी लहान विद्यापीठात, आणि तिथे चमक दाखवली की मोठ्या ठिकाणाहून बोलावणे येते. डॅन हर्ली न्यूअर्कमधील सेंट बेनेडिक्ट्स प्रेप या शाळेतून वॅग्नर, ऱ्होड आयलंड असे टप्पे घेत २०१८ मध्ये कनेटिकटला पोचले. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ अजिंक्यपदे त्यांनी जिंकली. ब्रॅड स्टीव्हन्स यांनी २००० मध्ये औषधकंपनीतली चांगली नोकरी सोडून बटलर विद्यापीठात विनावेतन काम पत्करले. सात वर्षांनी, वयाच्या तिशीत, ते तिथलेच मुख्य प्रशिक्षक झाले.

पहिल्या पायरीवर पगार नसतो किंवा नावापुरता असतो, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष मानावा लागतो. घरचा आधार असलेलाच तिथे टिकतो. एनसीएए या नियामक संस्थेने तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांत खालच्या सहाय्यकाच्या वेतनावर वर्षाला १६,००० डॉलरची मर्यादा घातली. सहाय्यक न्यायालयात गेले. नियम स्पर्धाविरोधी ठरला आणि १९९९ मध्ये संस्थेने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

कृष्णवर्णीयांना तर दारच बंद होते. जॉन मॅक्लेन्डन नेस्मिथ यांचे कॅन्ससमधले विद्यार्थी, पण वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघात त्यांना खेळता आले नाही. टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला त्यांनी १९५७ ते १९५९ सलग तीनदा एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेते केले. तरीही मुख्यतः गोऱ्यांच्या विद्यापीठाचे प्रशिक्षकपद त्यांना १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट येथे मिळाले. जॉर्जटाउनच्या जॉन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये एनसीएएच्या सर्वोच्च विभागाचे अजिंक्यपद जिंकले. तसे करणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. महिलांच्या खेळात वाट वेगळी होती, कारण पुढे कोणी चाललेलेच नव्हते. पॅट समिट १९७४ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. महिना २५० डॉलर मिळत. संघाची गाडी त्याच चालवत, कपडेही त्याच धूत. निवृत्तीपर्यंत १,०९८ विजय आणि आठ अजिंक्यपदे त्यांच्या नावावर जमा झाली.

नेमणुका बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये होतात. राष्ट्रीय स्पर्धा चालू असतानाच कोणाला काढले, कोणाला उचलले याच्या बातम्या येऊ लागतात. अंतिम चार संघ ज्या शहरात जमतात, तिथेच प्रशिक्षकांच्या संघटनेचे अधिवेशन भरते आणि नोकरी शोधणारे सहाय्यक हॉटेलांच्या दालनांत ओळखी करून घेत फिरतात. काढले गेलेल्यांनाही इथे दुसरी संधी मिळू शकते. पोर्टर मोझर यांना २००७ मध्ये इलिनॉय स्टेटने काढले. ते रिक मजेरस यांच्या हाताखाली पुन्हा सहाय्यक झाले, २०११ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठात गेले आणि २०१८ मध्ये तो लहानसा संघ त्यांनी अंतिम चारांत नेला.

सगळ्यांनाच मुख्य पद हवे असते, असेही नाही. बिल गथ्रिज तीस वर्षे स्मिथ यांचे सहाय्यक राहिले. १९९७ मध्ये, साठीत, त्यांच्याकडे संघ आला. तीन हंगामांत त्यांनी ८० सामने जिंकले, दोनदा अंतिम चारांत धडक मारली आणि निवृत्ती घेतली.